वहिनीच्या गोबरगॅसमधलं एन्झाइम

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी चार वर्षं ज्या जिवाणूवर काम केलं, तो मला माझ्या गावी, निमगाव सावाला, वहिनीच्या गोबरगॅसमध्ये सापडला होता. मुंगीच्या डंखात असतं ते फॉर्मिक आम्ल तो फोडतो आणि त्यावर जगतो. हे काम करणारं त्याचं एन्झाइम तीन प्रथिनांचं आहे. एक आम्लातले इलेक्ट्रॉन काढतं, दुसरं ते पुढे नेतं, तिसरं पेशीच्या पडद्यात रुतून त्या दोघांना धरून ठेवतं. पडद्यातून सोडवताना हे तिसरं दर वेळी गळायचं. प्रथिनं सुटी करून दाखवणाऱ्या जेलवर तीनऐवजी दोनच पट्ट्या, आणि काम थांबलेलं. असं दीड वर्ष चाललं.

त्यातच राखून ठेवलेल्या बाटल्यांची रबरी बुचं तडकली. या जिवाणूला हवा सोसत नाही, सगळे मेले. मी पुन्हा स्लरी, म्हणजे गोबरगॅसमधला शेणकाला, आणायला गावी गेले.

वहिनी चुलीवर भाकरी करत होती. धुरानं डोळे लाल.

"गॅस बंद पडून आठ दिस झालं, ताई. तुमच्या भावानं सडके टमाटे वतले की आत. लई गॅस व्हईल म्हनले."

मी आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीनं स्लरी तपासली. आंबट झाली होती. तिला सांगितलं, आत काही जिवाणू आम्ल करतात, काही ते खातात. टोमॅटोनं करणारे फार पुढे गेले, खाणारे मागे राहिले.

"मंग आता?"

"थोडे दिवस काही घालू नको. चुन्याची निवळी घाल, बेताबेतानं."

"आन् खानारे मेलेच आसतील तर?"

ती उठली, शेजारच्या वस्तीवर गेली आणि त्यांच्या चालू गोबरगॅसमधली स्लरी दोन बादल्या घेऊन आली. मला विचारलं नाही. आत ओतली. मी निवळीचं बघत राहिले. सहाव्या दिवशी शेगडी पेटली. वहिनीनं आधी चहा ठेवला.

हवा राहू नये म्हणून स्लरीनं काठोकाठ भरलेल्या बाटल्या घेऊन मी पुण्याला परतले. महिनाभरानं तोच जिवाणू पुन्हा मिळाला. या खेपेला पडदा विरघळवायला सौम्य रसायन घेतलं, सगळं थंड खोलीत केलं. जेलवर तीन पट्ट्या आल्या. मी वहीत नोंद केली आणि जेवायला गेले. आनंद झाला असावा. आठवतं ते एवढंच, की भूक लागली होती.

शोधनिबंध छापून आला तेव्हा मी तो गावी नेला. 'जुन्नर तालुक्यातील एका गोबरगॅस संयंत्रातून' एवढी ओळ मराठीत करून वाचून दाखवली.

"माजं नाव न्हाई का त्यात?"

"तसं लिहीत नाहीत, वहिनी."

"दोन बादल्या म्या आनल्या व्हत्या."

ते खरं होतं. मी तसं म्हटलं. तिनं मान हलवली आणि गाईला पाणी पाजायला गेली.