समुद्रावरचे ढग आणि लातूरचा महादेव

मुलांनो, लातुरात बसून तुमची आत्या समुद्राचं काय काम करते, असं तुम्ही विचारलंत. क्रमाने सांगते. परदेशात भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. त्यांच्या खांबांमागे पाणी ढवळून गाळाचे पट्टे उठतात. ते किती लांब जातात, हे ती उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून मोजते. मात्र वर ढग असले की चित्रात नुसता कापूस दिसतो.

गेल्या आषाढात तिला एक स्वच्छ चित्र हवं होतं. महिनाअखेरपर्यंत मिळालं नसतं, तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं. रोज सकाळी ती संगणक उघडायची आणि कापूस बघून चहा न घेताच उठायची.

म्हणून सोमवारी मी महादेवाला गेले. नेमका त्याच दिवशी गल्लीने पावसासाठी अभिषेक ठेवला होता. आमच्या शेजारणीचं निलंग्याकडे शेत आहे. तिथलं सोयाबीन माना टाकत होतं. पिंडीवर पाणी घालताना मी स्पष्ट आवाजात म्हणाले, "देवा, ढग जाऊ देत."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आक्का," शेजारीण म्हणाली, "आमी ढग बोलवायलो, आन तुमी हाकलायलात?"

"इथले नाहीत. समुद्रावरचे."

"मग देवाला पत्ता सांगा की नीट."

हे मला पटलं. पुन्हा तांब्या भरला आणि देश, किनारा, दिशा सगळं सांगितलं.

"पिनकोड राहिला," पुजारी म्हणाले.

त्याच आठवड्यात चित्र आलं. निळं पाणी आणि प्रत्येक खांबाला एक तपकिरी शेपटी. आत्याचं काम वाचलं. लागोपाठ दोन कप चहा झाला. पण लातूरचं आभाळही तितकंच स्वच्छ होतं. शेजारणीकडून जेवणाला येणारे धपाटे बंद झाले.

"तुमचं भागलं," ती दारातूनच म्हणाली. "आता तिकडचे ढग कुठं ठिवले, ते सांगा."

आत्याने तिला आत बोलावलं आणि आपल्या भागाचं चित्र उघडून दाखवलं. तेव्हापासून शेजारीण रोज सकाळी येऊन विचारायची, "कापूस हाय का?"

एके दिवशी आत्या म्हणाली, "काकू, आज चित्र अगदी खराब आलंय. उदगीर, निलंगा, काहीच दिसत नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

शेजारीण तडक घरी गेली. जेवायच्या वेळेला धपाटे आले, दह्यासकट.