बागेतल्या पुतळ्याचा फोटो

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दाऊद खोत गेल्याचं पत्र चिपळूणहून आलं, त्याला महिना झाला, आणि उत्तर अजून लिहिलं गेलेलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखातात, माहूजला, आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो. मी ड्राफ्ट्समन, तो बंदरावर क्रेन चालवायचा. माझ्या खाटेमागे भिंतीवर एक फोटो होता. कंपनीने मला प्रशिक्षणाला जर्मनीत पाठवलं होतं, तिथल्या बागेतल्या पुतळ्याचा. दोनशे वर्षांपूर्वी ‘सगळ्या धर्मांना सारखं माना’ असं लिहिणारा लेखक. येईल त्याला मी त्याच्याविषयी ऐकवत असे. दाऊदला तर पाठच झालं होतं.

मग अण्णा, माझे वडील, तीन आठवड्यांसाठी आले. सोवळ्याओवळ्याचे फार कडक. विमानतळावर जाण्याआधी मी दाऊदची नमाजाची चटई गुंडाळून कपाटात माझ्या बॅगेखाली ठेवली — त्याला न विचारता. दारात म्हणालो, “हे खोत, चिपळूणकडचे.” तेवढंच. खोत आपल्यातही असतात. अण्णांनी समजायचं ते समजून घेतलं.

दाऊदने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अण्णांना नमस्कार केला. नमाज तो बंदरावरच पढू लागला.

एकदा जेवताना अण्णांनी फोटोविषयी विचारलं. दाऊदने केलेली आमटी ओरपत मी सगळं सांगितलं. लाज वाटली का? नाही — आपण छान बोलतोय असंच वाटत होतं.

“मोठा माणूस,” अण्णा म्हणाले.

“मोठाच, अण्णा,” दाऊद म्हणाला, “पण दगडाचा. त्याला कुणाबरोबर खोलीत ऱ्हायचं नाय.”

अण्णा खळखळून हसले. मीही हसलो.

निघताना त्यांनी दाऊदचा हात धरला. गावी आलात की घरी जेवायलाच या, म्हणाले. त्याने ते मनावर घेतलं. पुढच्या सुट्टीला त्यांच्यासाठी खजूर घेतले. म्हणाला, “नाव मीच सांगीन. मग बघू म्हातारा काय करतो.”

मी म्हणालो, अण्णा फार आजारी आहेत, कोणाला भेटत नाहीत.

अण्णा ठणठणीत होते. त्यांनी त्याला वाढलं असतं की दारातून परत पाठवलं असतं? ठाऊक नाही. ते त्यांनी ठरवायचं होतं — मी ठरवू दिलं नाही.

दाऊद परत आला तेव्हा त्याने सांगितलं, सुट्टीभर तो रोज अण्णांसाठी दुवा मागत होता. मी म्हणालो, आता बरे आहेत.