गारपिटीच्या गावाहून बर्फाच्या गावी

तिकिटं काढण्याआधी देवगाव रंगारीला भावाकडे गेले, कारण त्याच्या दहा वर्षांच्या वैष्णवीलाही न्यायचं मी परस्पर ठरवून बसले होते. वहिनी म्हणाली, "ताई, मागच्या गारपिटीपासून आभाळ भरलं की ही कॉटखाली जाऊन बसती. अन् तुम्ही तिला बर्फात नेता?"

प्रश्न बरोबर होता. तिची भीती जावी म्हणून नेतेय की माझ्या आदित्यला सोबत हवी म्हणून, हे मलाही नीट सांगता येईना. वैष्णवीनंच निकाल लावला. "मी येणार आत्या."

नाताळच्या सुट्टीत निघालो. आम्ही राहतो त्या गारखेड्याजवळच्या स्टेशनवरून अमृतसरच्या गाडीनं थेट अंबाला गाठता येतं. तिथून मनालीच्या बसनं वाटेतल्या औटला उतरायचं, पुढं जीपनं डोंगरातलं बंजार. मुलं बरोबर असतील तर रात्रीची बस टाळा. नदीकाठचा सगळा रस्ता अंधारात जातो. बर्फाचे बूट विकत घेऊ नका, जिथं उतरता त्या घरी मिळतात.

बंजारच्या वर, सफरचंदांच्या बागेतल्या एका लाकडी घरात उतरलो. मालकीण कमलादीदी. तिनं तुपात बुडवलेला सिड्डू वाढला, म्हणजे सारण भरलेली, वाफवलेली जाड भाकरी. आदित्य त्यावर तुटून पडला. दोन दिवस नुसतं ऊन होतं. "मम्मी, हे तर गारखेड्यातपण असतं," त्याची कुरकुर. बर्फ नाही म्हणून मला मात्र आतून सुटल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दुपारी आभाळ खाली आलं. वैष्णवी माझ्याजवळ सरकली. आवाज न करता पहिले कण पडले आणि आदित्य ओरडत अंगणात धावला. मी तिचा हात धरायला वळले, तर ती नव्हतीच. कॉटखाली पाहिलं, रजया उलथल्या.

"मम्मी, वैष्णवीला बघ!"

खालच्या बांधावर कमलादीदीचं वासरू बांधलेलं होतं. डोक्यावर स्वयंपाकघरातली परात धरून ही त्याचं दावं सोडत होती. "दीदी, इसको अंदर लो ना! गारा लगेंगे इसको!"

कमलादीदी हसून हसून बेजार. "बेटा, इससे कुछ नहीं होता. ये तो हमारे सेब की खाद है."

वैष्णवीचा विश्वास बसला नाही. वासरू गोठ्यात ओढून नेलं, तेव्हाच तिनं परातीबाहेर हात काढला. "आत्या, हे लागतच नाय!"

गुरं आधी, मग आपण, हे तिला मी शिकवलेलं नाही. तरी अभिमान मात्र ऊर भरून वाटला. समोरच्या डोंगराला ओरडून सांगावं, ही माझी भाची. सकाळी अंगण पांढरं झालं, आणि दोघं त्याच परातीत बसून उतारावरून घसरत राहिली.

तिची भीती गेली का? पुन्हा आभाळ भरेल तेव्हा कळेल. देवगावला तिला सोडायला गेले, तेव्हा भावानं फोटो बघता बघता विचारलं, "भ्याली व्हतीस का गं?"

"व्हय. लई."

"मग?"

"मग काय पप्पा, वासरू बाहेर व्हतं ना."