आठवा शॉट

"दोन ते चार मोटर लावायची नाही. व्होल्टेज पडतं, राऊटर बंद होतो," असं मी सकाळीच आप्पांना, माझ्या वडिलांना, बजावलं. ते "व्हय" म्हणाले आणि चहा पिऊ लागले. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मी सांगलीला विश्रामबागेत राहून एम.एस्सी. करत होते. कॉलेजला सुट्टी, म्हणून कोरेगावजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरी लॅपटॉप मांडून बसले होते. युरोपातल्या एका प्रयोगशाळेतलं छोटं फ्यूजन यंत्र त्या दोन तासांत मला इथून चालवायचं होतं. वेबपेजवर आकडे भरायचे, बटण दाबायचं. तिकडे पोकळ कड्यात हायड्रोजन सुटतो, विजेचा झटका बसतो आणि जमलं तर प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला तप्त वायू, पेटतो, पापणी लवायच्या आत विझतो. असे आठच शॉट. प्रोजेक्टच्या सरांनी पत्रांवर पत्रं लिहून ही वेळ मिळवली होती. एकदाही पेटला नाही, तर प्रोजेक्ट कोरा आणि माझं वर्ष वाया.

पहिला शॉट फुकट. आलेखावर सपाट रेघ. सरांनी सांगितलेल्यापेक्षा वायूचा दाब मी थोडा जास्तच ठेवला होता, कमी पडायला नको म्हणून. तरी वाटलं, वायू पुरला नाही. वाढवला. दुसराही गेला. आणखी वाढवला. पंपात हवा राहिली तर तो पाणी उचलत नाही, तुडुंब भरूनच मोटर लावायची, हे मी लहानपणापासून करत आलेय. सहा शॉट गेले तरी मी आपली भरतेच आहे! तिकडचे ऑपरेटर व्हिडिओ कॉलवर दर वेळी शांतपणे "नो प्लाझ्मा" म्हणायचे. त्यांच्या त्या शांतपणाचाच मला राग यायला लागला.

खिडकीतून बघते तर आप्पा विहिरीवर, स्टार्टरच्या पेटीजवळ बसलेले. आता हे लावतात की काय मोटर! मी ओरडले, "आप्पा, हात लावू नका हं त्याला!" त्यांनी मान हलवली.

सातवाही गेला. रडू आवरत मी सगळे आकडे एकाखाली एक लिहिले. दाब चढतच गेलेला. अगं बाई, हा पंप आहे का! वायू जास्त झाला की कणांना वेग घ्यायला जागाच उरत नाही, बाजारच्या गर्दीत पळता येत नाही तसं. परीक्षेत हेच लिहून मार्क मिळवले होते मी. पहिल्या आकड्याच्या निम्मा दाब भरला आणि बटण दाबलं.

रेघ उठली. दहा मिलिसेकंदांचा उंचवटा, पण होता! मी किंचाळत बाहेर पळाले.

"पेटला, आप्पा!"

"लय बेस झालं."

"आता लावा तुमची मोटर."

"मोटरीची लाईट, थ्री फेज, गेली की आत्ताच. आज दोनलाच आली हुती."

"मग उद्या लावू."

"उद्या पाण्याची पाळी तुझ्या काकाची. सामायिक विहीर. आपली आता आठ दिसांनी."

समोर उसाची पानं पाण्यावाचून वळून गेली होती.

"मग मला सांगायचं ना!" मी त्यांच्यावरच चिडले आणि तिथंच पेटीला टेकून रडायला लागले.

"रडतीस कशापायी?" आप्पा म्हणाले. "पेटला न्हवं?"