कानाचे सेल

दिवाळीत आमच्या घरात हात जरा जास्तच सैल सुटला. मोठा टीव्ही आला, सोफ्याला नवं कापड आलं, आणि भाऊबीज होऊन पाहुणे गेले तसा माझा धाकटा भाऊ कपाळाला आठ्या घालून बसू लागला. तेव्हा त्याच्या मुलीनं, कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीनं, मोबाइलमध्ये पाहून एक उपाय काढला. महिनाभर घरात गरजेशिवाय काही आणायचं नाही. ज्याला जे हवं ते त्यानं जेवताना सगळ्यांसमोर मांडायचं आणि बाकीच्यांनी एवढंच विचारायचं की याच्यावाचून चालेल का. चालत असेल तर नाही आणायचं.

मला ते आवडलं. मी कोष्ट्याच्या घरातली. पाचपावलीच्या आमच्या घरात माग होता तोवर सुताचा तुटका धागासुद्धा आई फेकत नसे. भाताची पेज सुताला खळ द्यायला जायची आणि तळाशी उरलेली आम्ही मीठ घालून प्यायचो. मात्र आईच्या काटकसरीची एक खोड होती. हात आखडायची वेळ आली की ती आधी स्वतःचा चहा बंद करी आणि नंतर माझ्याकडे बघे. माझी शाळा अशाच एका वर्षी सुटली. भावाची सुटली नाही. त्याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही, कारण तो हुशार होता आणि मला मागासाठी सुताच्या कांड्या भरता येत होत्या.

पुढं माग गेले. मी गांधीबागेत साड्यांच्या एका दुकानात फॉल-पिकोच्या मशीनवर बसले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच बसले. लग्न झालं नाही. भावानं हुडकेश्वरला प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा माझी होती नव्हती ती शिल्लक त्याच्या स्लॅबमध्ये गेली आणि मी मागच्या खोलीत राहायला आले. डोळ्यात मोतीबिंदू आला, बारीक टाका दिसेना, काम सुटलं. मग कानही गेले. कानाचं मशीन भावानंच घेऊन दिलं, हे सांगायला हवं. त्याचं त्यानं सगळ्या नातेवाइकांत कौतुकही करवून घेतलं, पण दिलं हे खरं. त्या मशीनला मसुराच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा एक सेल लागतो. तो आठवडाभर चालतो आणि मग बदलावा लागतो. सेलची पट्टी सदरच्या एका दुकानात मिळायची आणि ऑफिसातून येताना भाऊ घेऊन यायचा.

पहिल्या आठवड्यात खेळच झाला. भाचीची लिपस्टिक गेली, भावाचा पानठेला गेला, रविवारचं मटण गेलं. भावजयीनं पार्लर सोडलं आणि त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. पेपर बंद झाला. चहात दूध कमी झालं. मी म्हटलं, माझ्या चहात घालूच नका, मला कोरा चालतो. भाचीनं टाळ्या वाजवल्या.

मग माझी सेलची पट्टी संपत आली. मी जेवताना ते सांगितलं. नियमच होता तसा.

भावजय भाजी वाढत होती. ती म्हणाली, "ताई, खरं सांगा, तुमाले दिवसभर घरात काय ऐकाचं असते? आम्ही तर सकाळी निघून जातो."

"टीव्ही पाहते थोडा. फोन येते."

"टीव्हीवर खाली अक्षरं येतात ना. बोलाचं असन तर आम्ही जवळ येऊन बोलू. एक महिन्याचा तर प्रश्न आहे."

मी भावाकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा वरणात बुडवत होता. बराच वेळ बुडवत राहिला. मग म्हणाला, "चालन का ताई?"

विचारण्याची ती पद्धत अशी होती की नाही म्हणणारा माणूस हावरा दिसावा. मी म्हटलं, "चालन."

शेवटचा सेल संपताना मशीन कानात बारीक टूं टूं करतं आणि मग सगळं एकदम लांब जातं. मी मशीन काढून डबीत ठेवलं. आवाज जाण्यापूर्वी एक केलं होतं. माझ्यासोबत गांधीबागेत शेजारच्या मशीनवर बसणारी एक मैत्रीण होती. तिच्या आईबापांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. ती माझ्यापेक्षा शिकलेली, आणि दुकानाच्या जिन्याखाली बसून तिनंच मला पेपर नीट वाचायला शिकवलं होतं. दर गुरुवारी दुपारी पुढच्या खोलीतल्या घरच्या फोनवर तिचा फोन यायचा आणि "काहून वं, जिवंत आहेस ना?" असं विचारूनच ती सुरुवात करायची. तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं, म्हणून मी भाचीला म्हटलं, तिला फोन करून सांग की माझ्या कानाला त्रास आहे, पुढच्या महिन्यात बोलीन. सेल आणले नाहीत असं सांगू नको. भाची मान हलवून हो म्हणाली.

सुरुवातीला घरच्यांनी शब्द पाळला. भाची कानाशी येऊन ओरडायची, भाऊ खांद्याला हात लावून बोलायचा. चार दिवसांत ते दमले. भाची जेवणासाठी तोंडाकडे हात नेऊन दाखवू लागली. भाऊ नुसता मान हलवू लागला. ते तिघं टेबलाशी बसून बोलत आणि मी त्यांचे ओठ बघत बसे. माझ्याबद्दल काही बोलणं चाललं असेल तर ते मला कळे, कारण तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नसे.

एकदा कुकर लावला आणि शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत. मी पुढच्या खोलीत गहू निवडत होते. वास आला तोवर डाळ कोळसा झाली होती. भावजयीनं कुकर माझ्यासमोर आणून उलटा केला आणि काही बोलली नाही. बोलून उपयोग नव्हता, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. त्या आठवड्यात आम्ही कढीच खाल्ली.

दुसऱ्यांदा मी चौकातून भाजी घेऊन येत होते. मागून ई-रिक्षा आली. तो हॉर्न वाजवत असणार, कारण समोरचे लोक माझ्याकडे पाहून हात करत होते आणि मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाला बोलावताहेत. रिक्षेची कड कमरेला लागली आणि मी खाली पडले. टमाटर रस्त्यावर चिरडले. रिक्षावाला उतरला, मला उठवलं, आणि तोंड वाकडं करून काहीतरी म्हणाला. त्याच्या ओठांवरून मला "बहिरी" एवढं कळलं. घरी आल्यावर भावजयीनं कमरेला मलम चोळून दिलं. चोळतानाच भाचीला काहीतरी सांगितलं आणि भाचीनं ते मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून मला दाखवलं. "आई म्हणते आता बाहेर जाऊ नका. टमाटर पण गेले."

मग मी खोलीत बसू लागले. महिना संपत आला.

पहिल्या तारखेला भाऊ खुशीत आला. त्याच्या हातात सेलची पट्टी होती, आणि त्यानं स्वतःच्या हातानं कागद सोलून सेल मशीनमध्ये बसवून दिला. आवाज परत आले. पंख्याचा, भांड्यांचा, शेजारच्या कुत्र्याचा. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. गुरुवार नव्हता, तरी मी मैत्रिणीला फोन लावला.

फोन तिच्या सुनेनं उचलला. मी म्हटलं, "आईले दे."

ती म्हणाली, "आई गेल्या ना. आज आठवा दिवस. तुमच्या घरी फोन केला होता आम्ही."

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले. भावजय कणीक मळत होती.

"माझ्या मैत्रिणीच्या घरून फोन आला होता?"

तिनं हात थांबवला नाही. "आला होता. मेडिकलच्या दवाखान्यात भरती होती म्हणे. तुमाले भेटाचं म्हणत होती."

"सांगितलं काहून नाही?"

"तुमाले ऐकू कुठं येत होतं ताई? आनि कमरेला लागलेलं. तिकडं जायचं तर येऊन जाऊन ऑटो, हातात चार फळं. म्हटलं महिना संपला की सांगू, मग निवांत जातील. मले काय माहीत ती इतक्यात जाईन म्हणून."

"आनि गेली तेव्हा?"

"तेव्हा जाऊन काय झालं असतं?"

ती खोटं बोलत नव्हती. तिनं खरंच विचार करूनच ठरवलं होतं. याच्यावाचून चालेल का, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर मिळालं की चालेल. भाऊ दारात उभा होता. त्याला हे माहीत होतं की नव्हतं ते मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. भाची खोलीतून बाहेर आली आणि रडायला लागली, कारण तिला आठवलं की मी सांगितलेला फोन तिनं केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बसनं मैत्रिणीच्या घरी गेले. बुद्धाच्या मूर्तीशेजारी तिचा फोटो ठेवला होता, तरुणपणीचा, ओळखू न येण्यासारखा. सुनेनं पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. तिनं सांगितलं, "आई तुम्हाले फोन लावून राहिली होती. रोज दुपारी. तुम्ही उचलत नव्हत्या. मग म्हणाली, रागावली असन माझ्यावर. काय बोलली मी तिले, आठवतच नाही. शेवटपर्यंत तेच. आठवून राहिली होती बिचारी, काय बोलली म्हणून."

मी तिथं सगळं सांगू शकले असते. सेलचं, महिन्याचं, भाचीचं. तोंडाशी आलं. पण परक्या घरात बसून आपल्या घरची लाज काढणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "माझी तब्येत बरी नव्हती."

"हो का," ती म्हणाली आणि भांडं उचलून आत घेऊन गेली.

घरी आले तेव्हा तिघं तयार होऊन बसले होते. महिना चांगला पार पडला म्हणून सावजीच्या हॉटेलात जेवायला जायचं ठरलं होतं. भाऊ म्हणाला, "चल ना ताई." मी नाही म्हटलं. येताना त्यांनी माझ्यासाठी मटणाचा पार्सल डबा आणला. रस्सा झणझणीत होता. मी सगळा खाल्ला. भूक लागली होती, आणि ज्याच्यासाठी न खाता झोपावं असं कुणी त्या घरात नव्हतं.

नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकटात झालं. मी गांधीबागेत जाऊन जुन्या मालकाच्या मुलाला भेटले आणि साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणू लागले. पैसे फार मिळत नाहीत, पण सेल येतात. सदरला मी स्वतः जाते. भाचीनं माझ्याजवळ माफी मागितली, मी दिली. ती लहान आहे. भावानं मागितली नाही. तो हल्ली माझ्याशी बोलताना गरज नसली तरी मोठ्यानं बोलतो.

परवा भावजय पुढच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती. म्हणत होती, आमच्या ताई या वयात पैशाच्या मागे लागल्या, घरात काय कमी आहे सांग, लोक आम्हालेच नावं ठेवतात. मी मागच्या खोलीत जांभळ्या साडीला फॉल लावत होते. सगळं स्वच्छ ऐकू आलं. मी दोरा तोडला आणि पुढची साडी घेतली.