मास्तरचं उत्तर

दिवसा तो विमा कचेरीत खर्डेघाशी करी. जीव मात्र अडकलेला स्वतःच्या एका चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये. पडद्यावरचे आकडे तो प्रोग्रॅम बोलून दाखवायचा. कुणीही फुकट वापरावा, आतलं काम उघडून बघावं, दुरुस्ती पाठवावी, अशी सोय होती. आलेली दुरुस्ती तपासून आत घ्यायची की नाही, हे तो एकटा ठरवी; म्हणून तिथे सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर स्तुतीने विरघळायचा आणि चूक दाखवली की अंगावर यायचा.

एका अनोळखी माणसाने तोंडभरून कौतुक करत दुरुस्ती पाठवली. मास्तरने ती न तपासताच आत घेतली. पुढे कुणीतरी टोपणनावाने लांबलचक तक्रार केली, की नव्या आवृत्तीत दशांश चिन्ह गिळलं जातं. कचेरीतून वैतागून आलेल्या मास्तरने दोन ओळी खरडल्या आणि तक्रार बंद करून टाकली.

रविवारी तो ताईकडे जेवायला गेला. ताईला जवळजवळ दिसत नाही. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती फोनवर असते. मशीन कानात अहवाल वाचतं, ती रुग्णांना सांगते. भावाचा उद्योग तिला ‘कॉम्प्युटरवरची फुकट हमाली’ एवढाच माहीत. जेवता जेवता तिने सांगितलं, की मशीनने अडीचाचे पंचवीस वाचले, एका म्हाताऱ्याची भीतीने गाळण उडाली आणि साहेबांनी तिला फोनच्या कामावरून उठवलं. चूक मशीनची आहे हे दाखवता आलं नाही, तर नोकरी जाणार. त्याचा घास तोंडातच राहिला.

“बनवणाऱ्याला कळवलं होतं मी,” ताई म्हणाली. “उत्तर आलंय, पण मशीन सगळं एकाच सुरात वाचतं रे. माणूस चिडलाय का, ते कळत नाही. तू वाचून दाखव.”

तिने फोन पुढे केला. समोर त्यानेच खरडलेल्या दोन ओळी होत्या. बदलून वाचावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचीच त्याला शिसारी आली.

“आधी सूचना नीट वाचा,” तो हळू आवाजात वाचू लागला. “फुकट मिळतंय म्हणून डोळे मिटून वापरू नका.”

“चिडलेला नाही वाटत,” ताई म्हणाली. “माझंच काहीतरी चुकलं असेल.”

“तुझं नाही चुकलं, ताई. हे मी लिहिलंय. तो प्रोग्रॅम माझा आहे.” आजच दुरुस्त करतो, साहेबांना माझी चूक म्हणून लिहून देतो, असं तो भराभरा बोलत सुटला.

ताईने बोलू दिलं. मग विचारलं, “मला दिसत नाही, हे लिहिलं होतं मी त्यात. पूर्ण वाचलं होतंस का?”

“पहिली ओळ,” तो म्हणाला.