सहावा प्रवासी

विमानाचं वजन कागदावर जुळवणं, हे माझं काम. कोल्हापूरच्या विमानतळावर मी ते बरीच वर्षं करतोय. प्रवासी किती, सामान किती, इंधन किती, यांची बेरीज मर्यादेत बसवायची आणि कॅप्टनची सही घ्यायची. लोकांना वाटतं, विमानतळावर नोकरी म्हणजे काय रुबाब! रुबाब कसला, दिवसभर एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि संध्याकाळी कसबा बावड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन एकट्यापुरता कुकर लावतो. भात रोज उरतो. आख्ख्या विमानाचं वजन जुळवणाऱ्याला एका माणसाचा भात जमत नाही.

हे एकटेपण मीच ओढवून घेतलंय. आधी मी मंगळवार पेठेत थोरल्या भावाकडे राहायचो. मी लग्न केलं नाही. वहिनी गेल्यावर घरात दादा, मी आणि दादाची लेक, एवढेच उरलो. पोरगी जिद्दीची. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून चेन्नईला प्रशिक्षणाला गेली. प्रशिक्षण संपलं की संचलन असतं आणि त्यानंतर आईवडिलांनी लेकराच्या खांद्यांवर तारे लावायचे असतात. आई नव्हती, म्हणजे दोन्ही खांदे दादाकडे. त्यानं नवी सफारी शिवून घेतली. "तारा लावताना हात थरथरला तर रं?" असं मला विचारायचा. जन्मभर फौंड्रीत लोखंड ओतलेला माणूस, त्याचा हात थरथरलेला मी कधी बघितला नव्हता.

संचलन शनिवारी सकाळी होतं. शुक्रवारी दुपारी आमच्या विमानानं हैदराबाद, तिथून संध्याकाळी चेन्नई, असं तिकीट मीच काढून दिलं. मला ड्यूटी होती. दादा सगळ्यांच्या आधी येऊन काउंटरसमोर पहिला उभा राहिला.

विमान आलं आणि कॅप्टनबाई माझ्या खोलीत आल्या. हैदराबादवर वादळी ढग जमले होते, विमानं वरच घिरट्या घालत होती. इंधनाचा ठरलेला हिशेब असतो. पोचण्यापुरतं, तिथं उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं आणि वर थोडं राखीव. बाईंना त्याहूनही जास्त हवं होतं. पण तापलेल्या दुपारी हवा विरळ होते, विमानाला उचलायला लांब धाव लागते आणि आमची धावपट्टी तेव्हा आखूड होती. इंधन वाढवायचं तर तेवढं वजन दुसरीकडून काढायला हवं. मी बेरीज केली. सहा माणसं उतरवावी लागणार होती.

आमच्या साहेबांनी फोनवरून बाईंना गळ घालून बघितली. "नेहमीएवढंच घ्या की मॅडम, रोज जातंयच की विमान."

बाई शांतपणे म्हणाल्या, "वर गेल्यावर गाडी कडेला लावून पाऊस थांबायची वाट बघता येत नाही, साहेब."

विषय तिथंच संपला. मला त्या बाई तेव्हाही पटल्या, आजही पटतात.

आता उतरवायचं कुणाला? आधी विचारायचं, कुणी आपणहून थांबतंय का. तिघे थांबले. मग सगळ्यात उशिरा आलेल्यापासून सुरुवात करायची, असा आमच्याकडचा नियम. दोघे कुरकुरत उतरले. सहावा एक धिप्पाड गृहस्थ होता, गुळाच्या ढेपा घेऊन धापा टाकत आलेला. त्याला सांगितल्याबरोबर त्यानं आवाज चढवला.

"ओ पावणं, मला कसं काय उतरिवताय? तुमचा सख्खा भाऊ बसतोय न्हवं? ओळखीवर चालतंय व्हय हितं सगळं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. कोल्हापूर केवढंसं, निम्मे लोक तोंडओळखीचे. माझे कान तापले. आमच्याकडे लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणा उपाशी राहिला तर नाव जातं, घरचा राहिला तर कुणाला कळत नाही. मीही तेच केलं. त्या माणसाला बसू दिलं आणि दादाकडे गेलो.

"दादा, इंधन जास्त घ्यावं लागतंय. तुला थांबावं लागंल."

"मी पहिला आलतो की रं."

"म्हाईत हाय."

दादा एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा बोलतो. त्या दिवशी हळू आवाजात "बरं" म्हणून त्यानं बॅग उचलली. गाडी करून पुण्याला गेला, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं. चेन्नईला पोचला तेव्हा मैदानातल्या खुर्च्या उचलणं चाललं होतं. लेकीचे तारे दुसऱ्याच कुणाच्या तरी आईवडिलांनी लावले होते.

आमचं विमान त्या शुक्रवारी हैदराबादवर खूप वेळ घिरट्या घालत राहिलं. जादाचं इंधन कामी आलं, सगळे सुखरूप उतरले. दादा परत आल्यावर मी हे त्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"इमानाबद्दल माझं काय म्हणणं न्हाय," म्हणाला.

नंतर तो माझं ताट वाढून ठेवायचा, पण सोबत जेवायला बसायचा नाही. काही महिन्यांनी मी बावड्याला खोल्या घेतल्या. कुणी विचारलं की सांगायचो, इंधनामुळं झालं, कॅप्टनचा निर्णय होता. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं.

यंदा पुतणी सुट्टीवर आली आणि पत्ता शोधत माझ्याकडे आली. चहा ठेवता ठेवता मी पुन्हा सुरू केलं: ढग, धावपट्टी, वजन. तिनं मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली,

"काका, सहा जणं उतरवायचीच हुती, हे पप्पांनाबी पटलंय. पण सहावा तो माणूस हुता. माझा बाप न्हवता."

"लोक म्हणले असते, भावाला बसिवला."

"मग? नियमानंच बसला असता की."

मी गॅस बारीक केला. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तिच्या नजरेला नजर द्यायला घाबरण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

"माझे तारे लावायच्या आधी त्या काकूंनी मला माझं नाव इचारलं," ती म्हणाली. "हे पप्पांना मी सांगितलेलं न्हाय. तुम्हांला तेवढं सांगतीय."